कोपराने पाणी बघणारा

तारामाशांची पिल्लं वाढवणं म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसायचं काम. मोहरीहून लहान, आरपार दिसणारी, आणि नखरे मात्र राजघराण्यातले. पाणी जरा तापलं की मेली, जरा गढूळलं की मेली. प्रयोगशाळेत थर्मामीटर होता, नाही असं नाही. पण मामा, सगळे त्याला मामाच म्हणत, कोपर बुडवूनच पाणी बघायचा. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं. वीस वर्षांत ते कोपर एकदाही चुकलं नव्हतं. घमेंड होती त्याला, आणि का नसावी?

मामी त्याच खोलीत चाळणीवर असायची. एकही पिल्लू न सांडता पाणी बदलावं तर तिनेच. खोलीत साबण आणायचा नाही, हा नियमही तिचाच. एकदा साहेबांच्या हाताला अत्तराचा वास आला, तर त्यांनाही तिने दाराबाहेर काढलं होतं.

यंदा समुद्रात रोग पडला आणि तारामासे सडून गेले. हाती लागलेली शेवटची मादी अंडी घालून मेली. तिची पिल्लं सहा बादल्यांत होती, एकेचाळीस दिवसांची. दोन-तीन दिवसांत तळाला चिकटली की जिंकलं. आणि नेमकी मामी दवाखान्यात, काचेच्या खोलीत. आत जायचं तर नर्स कोपरापर्यंत गुलाबी औषध चोळायला लावायची.

एरवी मामा काम आटोपून संध्याकाळी जायचा. त्या दिवशी डॉक्टरांनी सकाळीच बोलावलं. मामीला भेटून तो बाहेर आला, तेव्हा बाजूला घेऊन म्हणाले, आता फार दिवस नाहीत. मामा तिथून तडक कामावर आला. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात मात्र सवयीचे. बाही सारली आणि एकेका बादलीत कोपर बुडवलं. पाणी अगदी बेताचं होतं.

दुपारी सहाही बादल्यांत मेलेल्या पिल्लांचा पांढरा गाळ साचला होता. मामा बघत राहिला. मग त्याने कोपर नाकाशी नेलं. गुलाबी औषधाचा वास येत होता. कुणी त्याला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्याने पुन्हा औषध चोळलं आणि आत गेला.

"लेकरं कशी आहेत?" मामीने विचारलं.

"छान आहेत. उद्या-परवा चिकटतील."

तिचा चेहरा खुलला. तिने त्याचा हात ओढून घेतला आणि नाक मुरडलं. "अहो, किती वास येतोय औषधाचा! हे हात घेऊन तसेच बादल्यांपाशी जाऊ नका हं. मरतील माझी लेकरं."

"नाही जात," मामा म्हणाला.