तुला कोनं सांगितलं?

आमचे शेजारी सोनाजीकाका हिंगोली-गोरेगाव एसटीवर कंडक्टर होते. कुणी काहीही सांगितलं की तिकीट फाडता फाडता थांबून ते विचारत, "तुला कोनं सांगितलं?" एकदा पुढच्या नाल्याला पूर आल्याची आवई उठली. सगळी बस माघारी फिरा म्हणून ओरडत होती, पण काकांनी गाडी नाल्यापर्यंत नेली, तर नाला ठणठणीत कोरडा! तेव्हापासून त्या रस्त्यावर त्यांच्या शब्दाला मोठी किंमत आली.

म्हणून मला गोरेगावचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी चौकशी त्यांच्यावरच सोपवली. मुलाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मला त्याचं नाव सोडून काही ठाऊक नव्हतं.

चार-सहा फेऱ्या झाल्यावर काका आले ते डोकं धरूनच बसले. "हॉटेलवाला म्हणला, पोरगं सोनं हाय. तुला कोनं सांगितलं? तर शिंप्यानं. शिंप्याला मास्तरानं. मास्तराला इचारलं, तर म्हणतो, तुमीच की! सोनाजी कंडक्टर कोन्या ऐऱ्यागैऱ्याची चौकशी करतो काय?"

बाबा खूश झाले. "मग झालं तर! तुमचाच शब्द हाय."

"आवो, मी शब्द दिला न्हाई! मी फक्त इचारून राहिलो व्हतो!"

बाबांनी ऐकलं नाही. मी काकांना अंगणात गाठलं. "काका, तुमाला कसा वाटतो?"

"मला लोकांनी सांगितलं, पोरी. आन् लोकांला मी. आता काय सांगू तुला?" असा हतबल माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

लग्न झालं. संसार चांगला झाला, हे मी मनापासून सांगते. पण आमचे हे म्हणतात, "सोनाजीकाकांनी चौकशी केली म्हटल्यावर गावात मला वाईट वागायची सोयच उरली नाही." म्हणजे हे मुळात चांगले, की चौकशीने चांगले झाले? मला अजून उलगडलेलं नाही.

काका गेले त्या दिवशी त्यांच्या अंगणात एक अनोळखी म्हातारा डोळे पुसत होता. "लई खात्रीचा मानूस," तो म्हणाला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुमाला कोनं सांगितलं?"

त्याने माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "रेडिओवाल्यानं. त्यो कधी खोटं बोलत न्हाई."

मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.