आईनं घेतलेली तालीम

यूएक्स डिझाइनचा, म्हणजे ॲप लोकांना वापरायला सोपं करण्याचा, कोर्स संपवून मी बाबांना नोकरीत मिळालेल्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमध्ये नोकरीची वाट बघत बसले होते, तेव्हा बाबांच्या रिटायरमेंटला वर्षही उरलं नव्हतं. त्याआधी माझं कुठेतरी लागावं, असं घरात सगळ्यांनाच वाटायचं. सर्टिफिकेट कोणी बघत नव्हतं. सगळ्यांना पोर्टफोलिओ हवा होता: तुम्ही काय बनवलं, कोणासाठी, आणि लोकांनी ते वापरलं तेव्हा काय झालं, ते दाखवा.

आईला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी ती म्हणाली, म्हणजे पाहुण्यांपुढे पोहे ठेवायचे आणि ते आपणच केलेत हे पटवायचं. मी चिडले, पण ती अगदीच चुकली नव्हती.

मी एक ॲप आखलं. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं मूळची भंडारा-गोंदियाकडची. लग्नसराईत कोणाची ना कोणाची गाडी तिकडे निघतेच आणि एखादी सीट रिकामी जाते. ती फोनवरून मागता यावी, एवढंच. आता गल्लीतल्या काकूंना एकेक करून बोलवायचं, हातात फोन द्यायचा, तुमसरला जाणाऱ्या गाडीत सीट घ्या म्हणायचं आणि त्या कुठे अडतात ते गप्प बसून बघायचं. पोर्टफोलिओचा सगळा जीव त्या अडण्यात होता.

कोणी अडेचना. पहिली काकू चष्मा न लावता सटासट बटणं दाबून मोकळी झाली. दुसरीने तर मी काय करायचं ते सांगण्याआधीच सीट घेतली. तिसरी यायच्या आधी मी सीट घ्यायचं हिरवं बटण खालून वर नेलं होतं. ती खालच्या कोऱ्या जागेवरच पुन्हा पुन्हा बोट टेकवत राहिली आणि मग केविलवाण्या नजरेने तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे दारात आई उभी होती, भुवया उडवून ‘वर, वर’ अशा खुणा करत.

मी कौतुकाने आईच्या फोनवर घालून दिलेलं ॲप घेऊन ती आदल्या दुपारी घरोघरी फिरली होती आणि सगळ्यांची तालीम घेऊन आली होती.

“तू कावून असं केलं?” मी ओरडलेच.

“पोरीची परीक्षा हाय अन् मी चूप बसू?” ती म्हणाली. “यायच्यातली एखादी चुकली असती तं तुलेच नापास केलं असतं न कंपनीवाल्याईनं.”

मी डोक्याला हात लावला. असा राग आणि असं प्रेम मला एकाच वेळी फक्त आईचंच येतं. मग काकूंना सांगावं लागलं, की परीक्षा माझी नाही, ॲपची आहे, आणि जितक्या चुका निघतील तितकं माझं भलं. त्यानंतर मात्र त्या सुटल्या. गाडीत आणखी कोण कोण बसणार आहे हे कळल्याशिवाय एकही बाई सीट घ्यायला तयार नव्हती. मी ते दुरुस्त केलं आणि तालमीची हकीगतही जशीच्या तशी पोर्टफोलिओत लिहिली.

मुलाखत घेणाऱ्या बाई नेमक्या त्याच पानावर थांबल्या. आईबद्दल खोदून खोदून विचारलं, पोटभर हसल्या, आणि पुढच्या आठवड्यात बेंगळुरूहून होकार आला. आईने गल्लीभर पेढे वाटले. आमची सगळ्याईची नोकरी लागली, असं ती प्रत्येक दारात सांगत होती.

रिकामा डबा घेऊन ती परतली, तेव्हा बाबा आणि मी रेल्वेची तिकिटं बघत होतो. तिने विचारलं, कुठली तिकिटं? मी म्हटलं, बेंगळुरूची, ऑफिस तिकडे आहे, तिकडेच राहावं लागेल.

ती पलंगाच्या कडेवर बसली. डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

“मले वाटलं, फोनवरचं काम हाय, तं तू घरीच बसून करशील,” ती म्हणाली. “म्हणून तं शिकवून राहिली होती मी त्या बायाईले.”