तार जोडली तेव्हा

कारगिलच्या लढाईआधी दोन-तीन वर्षं माझं पोस्टिंग काश्मीरात, बर्फातल्या एका चौकीवर होतं. मी पेणचा, नाईक रघुनाथ रोह्याचा. दोघं सिग्नलवाले. शाळा आमची बेताचीच. कम्युनिकेशन हा शब्द फौजेत शिकलो. हल्ली धाटावच्या कारखान्यातली पोरं बायको रुसली तरी 'कम्युनिकेशन गॅप' म्हणतात. आमच्याकडं सोपं होतं. सांगितलेलं पोचलं आणि पोचल्याचं उत्तर आलं, तर कम्युनिकेशन. नायतर नुसती बडबड.

एका सकाळी टेलिफोनची तार मेली. वायरलेसची बॅटरी थंडीनं आधीच बसलेली. खालच्या कंपनीशी संबंध तुटला. निम्मी चौकी तापानं पडलेली, म्हणून रघुनाथ एकटाच निघाला. मी चौकीतल्या एक्स्चेंजवर, फोनपाशी.

लाईनवाल्याची रीत अशी. तार हातात धरून चालायचं. प्रत्येक जोडाला आपला फोन लावून चौकीशी बोलायचं. फोन काढायचा, पुढं जायचं. येतानाही तसंच.

पहिल्या जोडावरून घंटी आली.

"पेणकर, ऐकतोस ना? का तुमच्या गणपतीसारखा नुसता बसलायस?"

"ऐकतोय. पाय जपून टाक."

"आईशीसारखा बोलू नको रे!"

मग बराच वेळ काय नाय. शेवटी बोलला, "तुटलेली जोडली. परत निघतो." फोन काढला.

लगेच कंपनीची घंटी. "ऊपर की बर्फ कच्ची है. कोई पोस्ट से बाहर नहीं निकलेगा. मेसेज मिला?"

"मिला," म्हटलं. तो निरोप रघुनाथनं जोडलेल्या तारेवरूनच आला होता. त्याला मात्र कळवायला वाट नव्हती. पुढच्या जोडाला फोन लावेल तेव्हाच.

मी हँडल फिरवत राहिलो. खालचा ऑपरेटर वैतागला, "क्यों घुमा रहा है?"

"मेरा आदमी लाईन पे है."

चौकीचे सुभेदारसाहेब माझ्या मागं उभे होते. हाक मारायचीही चोरी, आवाजानं बर्फ सुटेल ही धास्ती.

घंटी आली नाय. डोंगराचा आवाज आला. तार पुन्हा मेली.

रघुनाथ बर्फ वितळल्यावर सापडला.

सुट्टीत मी बायकोला घेऊन रोह्याला रघुनाथच्या घरी गेलो, कंपनीचा निरोप आल्याचं सांगितलं. वहिनीनं एवढंच विचारलं, "भाऊ, निरोप त्यांना मिळाला होता?"

"नाय."

माझी बायको उठून तिच्याजवळ बसली. "चल गो, चूल पेटवू."

त्या वर्षापासून पितृपक्षात आमच्या घरी रघुनाथच्या नावानं पान असतं. बायको वाढायची. यंदा दोन पानं मीच वाढली.