वेण्या कोण घालणार

४ जून. उद्यापासून नातीची नवी शाळा.

एवढंच लिहून आजींनी पेन ठेवलं. या शहरात आल्यापासून नात खालच्या शिवणवाल्या मावशींनाच चिकटली होती आणि आजींच्या पोटात दुखत होतं.

“उद्या वेण्या मावशीच घालणार. तू फार ओढतेस,” नात म्हणाली.

“मग जा, तिच्याकडेच राहा!”

नात खरंच उशी काखोटीला मारून निघाली. आजी तणतणत मागोमाग जिना उतरल्या. खाली मावशी तिचे केस विंचरत होत्या आणि पोरगी हूं की चूं करत नव्हती.

“कसला कंगवा आहे तो?” आजींना राहवेना.

“मोठ्या दातांचा. न्या की, काकू. सकाळी मला कुठली सवड!”

रात्री आजींनी डायरीत भर घातली: उशी वर आणली. नवा कंगवा घ्यायचा, खालचा परत करायचा.