फरशीवर खुंटी कुठे ठोकायची?

परवा आमच्या वडगावच्या घरापुढे पेव्हिंग ब्लॉक बसवायला माणसं आली... आणि मी थेट ऐंशी वर्षं मागे गेले.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. मी नऊ वर्षांची. आमची सगळी गल्ली विणकरांची. पावसाळ्यात गुडघाभर चिखल व्हायचा, म्हणून आमच्या आप्पांनी अर्जावर अर्ज करून गल्लीत दगडी फरशी आणली. आणि पेढे वाटले! केवढा तो रुबाब...

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताणा पसरायला बाहेर आले. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. ते गल्लीभर ताणायचे, टोकांना जमिनीत खुंट्या ठोकायच्या आणि धागे बळकट व्हावेत म्हणून कुंच्याने पिठाची खळ द्यायची. हा ताणा आक्काच्या लग्नाच्या लुगड्याचा होता. लग्न पंधरा दिवसांवर, आणि लढाईपायी सूत मिळेना म्हणून आप्पांनी ते वर्षभर थोडं थोडं साठवलेलं.

हातात खुंटी आणि हातोडा घेऊन आप्पा तसेच उभे. ठोकायची कुठे? एवढे अर्ज लिहिले, पण हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

शेवटी टोकं घरांच्या खांबांना बांधली. त्यात उशीर झाला, फरशी तापली. मातीवर पाणी शिंपडलं की गारवा राहायचा, इथे ते बघता बघता उडून गेलं. कुंचा फिरायच्या आत खळ वाळायची. धागे तटातट तुटू लागले... आप्पा तुटलेली टोकं गाठी मारून जोडत होते.

तेवढ्यात आई पहार घेऊन आली. "आवं, उठवा की ती फरशी!"

"लोकं काय म्हनतील गं? मीच आनली न्हवं?"

"म्हनू देत. पोरीच्या लुगड्यापरास फरशी लई मोठी हाय व्हय?"

पहिली फरशी तिनेच उचकटली. मग शेजारी हसत हसत धावले आणि ताण्याखालची अख्खी ओळ मोकळी केली. खालची माती अजून ओलसर होती, खुंट्या लगेच रुतल्या. आक्का त्याच लुगड्यात सासरी गेली, फक्त नीट पाहिलं तर गाठी दिसायच्या.

परवा मी ब्लॉकवाल्याला सांगितलं, दारापुढे दोन हात माती तशीच ठेव.

"आज्जी, काय लावनार हितं?"

"काय न्हाय रं. नुसती असू दे."

दुपारी सगळे ब्लॉक तापले, तेव्हा मी अनवाणी त्या मातीवर जाऊन उभी राहिले... आई, तुझी पहार अजून कामाला येते गं.