भरलेलं जहाज नदी चढत नाही

दिवाळी सरली की आमचा वाडा कोकणाकडं निघतो. वाडा म्हणजे दगड-मातीचा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि त्यांच्यामागनं चालणारी आम्ही माणसं, ह्या सगळ्या लवाजम्याला आम्ही धनगर वाडा म्हणतो. मी गाव सोडलं ते नेमकं त्याच सकाळी. फाट्यावर मी एसटीची वाट बघत उभा, आणि समोरनं आमचीच घोडी पश्चिमेला वळलेली, पाटणवरनं घाट उतरायला. घोडीवर सगळं बिऱ्हाड, त्यावर बांधलेलं एक कोकरू. आयनं घोडीचा दोर सोडला, पळत माझ्याकडं आली आणि गळ्यात पडून रडायला लागली. "माझं लेकरू घर सोडून चाललं गं बाई!" चुलती रडली, आत्या रडली. आता सांगा, पावसाळ्यापर्यंत त्यांच्यातलं तरी कोण घरी राहणार होतं? दाराला कुलूप घालून किल्ली आयनंच कनवटीला लावलेली! पण घर सोडलं कुणी, तर मी. हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मिल्ट्रीतनं रिटायर झालेले आमचे एक पावणे इकडं बंगालात, हुगळीच्या काठी बंदरावर सिक्युरिटीला होते. त्यांच्या ओळखीनं मला जहाजातला माल उतरवणाऱ्या टोळीत काम मिळालं. गावात माझं हसं झालं. "टँकर आला की घागरी घेऊन पळणारं गाव आपलं, आन् ह्यो जहाजावर चढणार!" चढलो की! आज त्याच टोळीचा मी फोरमन आहे. बायको आमच्याच मुलखातली, रहिमतपूरची आहे, पोरगी मात्र शेजारपाजारच्या पोरांशी बंगालीत भांडते आणि माझ्याशी मराठीत. माझ्या बोलण्यातही ड्राफ्ट, बार्ज, क्रेन असले शब्द येतात, आणि फोनवर आय म्हणते, "समजंल असं बोल की जरा."

तर समजेल असं सांगतो. नदीवरचं बंदर म्हणजे रोजचं भांडण. समुद्रातनं आमच्यापर्यंत यायला जहाजाला नदीतनं लांब वर यावं लागतं, आणि नदी गाळानं भरत राहते. गाळ काढायची यंत्रं चालूच असतात, तरी पुरं पडत नाही. भरलेलं मोठं जहाज वर येऊच शकत नाही, बूड टेकतं. म्हणून ते बाहेर खोल पाण्यात थांबतं, बराचसा कोळसा बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मोठ्या होड्यांत, उतरवतं, हलकं होतं, आणि मग भरतीची वाट बघतं. भरती हुकली की बसा पुढच्या भरतीपर्यंत. जहाज उभं असलं तरी त्याचं भाडं उभं राहत नाही. ठरल्या वेळेत माल उतरला नाही तर मालाच्या धन्याला वर दंड पडतो, त्याला आम्ही डॅमरेज म्हणतो. शिवाय एकाच कोळशाची दोनदा उतरवणी, दोनदा मजुरी. मग व्यापारी म्हणतो, कशाला ह्या गाळात शिरा, समुद्रावरच्या खोल बंदरात जाऊ. असं एकेक जहाज दुसरीकडं वळतं, आणि इकडं माझ्या टोळीतला एकेक गडी घरी बसतो.

ही बातमी पावण्यांच्या तोंडून गावात पोचली. लगेच चुलत्याचा फोन. "दुष्काळातनं पळालास आन् गाळात रुतलास व्हय रं? चल, ये गुमान माघारी!" चुलत्याला माझी काळजी होती, नाही म्हणत नाही. पण खरं कारण वेगळंच होतं. आबांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, गुडघे गेले होते. कळपामागं चालायला घरचा माणूस पाहिजे, आणि आबांना लेक मी एकटाच. मी गेलो नाही तर त्यांची मेंढरं चुलत्याच्या कळपात घालायची, म्हणजे आबांचा वाडा मोडायचा. भावकीनं ठरवलं, आबांनी स्वतः जावं आणि पोराला घेऊनच यावं. ऐकून माझं डोकं फिरलं. भीतीही वाटली. चुलत्याला मी ताडकन नाही म्हणीन, पण आबांच्या तोंडावर कसं म्हणणार?

आबा आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, रेल्वेच्या प्रवासानं आंबून गेलेले. आल्या आल्या विषय काढतील असं वाटलं होतं, पण नातीला मांडीवर घेऊन बसले आणि तिच्या बंगालीला आपले हूं हूं करत राहिले. तिसऱ्या प्रहरी मी त्यांना नदीच्या बांधावर नेलं. एक जहाज भरतीबरोबर सावकाश वर येत होतं, लाल पोट पाण्याबाहेर काढून.

"अर्धंच का रं भरलंय?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं, वर सांगितलं तसंच. आबा हसले. "म्हंजे आपल्या घाटावानीच की. चढाला घोडीवरलं निम्मं वझं खाली ठिवायचं आन् दोन खेपा करायच्या." मग म्हणाले, "आन् जाताना?"

"लय येळा रिकामंच जातं, आबा."

"मग जातानाचं भाडं बी येतानाच्या मालावर पडत आसंल. रिकाम्या घोडीला बी वैरण लागतीच."

आबांना माझं काम उमगलं, तेवढ्यावर मला धीर आला. म्हटलं, "आबा, मी न्हाई येणार. जहाजं कमी झाली म्हणून मी पळून येऊ? पाऊस पडंना म्हणून तुमी कवा मेंढरं इकली का?"

आबा मग म्हणाले, "न्हाई इकली." दुसऱ्या दिवशी त्यांनी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गाडीत बसले. जाताना 'चल' म्हणाले नाहीत, आणि 'राहा' असंही म्हणाले नाहीत.

पुढचं मला आयनं फोनवर सांगितलं. बिरोबाच्या देवळापुढं भावकी जमली होती. चुलत्यानं विचारलं, "आवं दादा, पोरगं कुटं हाय?" आबा म्हणाले, "त्याचा वाडा तितं बसलाय. बसल्याला वाडा दुसऱ्यानं उठवायचा नसतो." आणि उठून स्वतःच्या हातानं आपल्या वाघरीचं, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळ्याचं, तोंड सोडलं. मेंढरं चुलत्याच्या कळपात गेली. आय म्हणाली, त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

मी फोन ठेवला आणि बांधावर जाऊन हमसून हमसून रडलो. रडलो, पण गाडीत बसलो नाही. भरती लागत होती, जहाज यायचं होतं, आणि माझी माणसं माझी वाट बघत उभी होती.

गाववाल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठं कुठं गेलेल्यांनो, घर कुठलं असं मला विचाराल तर दोन्ही सांगीन. आय-आबा जिथं आहेत ते, आणि पोरगी दारात उभी राहून मला हाक मारते ते. धनगराला दोन घरं जड नाहीत. उद्या ही नदी अजून उथळ झाली तर मी अजून हलकी जहाजं उतरवीन, पण उतरवीन इथंच. तुम्ही मला हट्टी म्हणा, माजलेला म्हणा, चालेल. पळालेला तेवढं म्हणू नका. ज्या माणसानं माझ्यापायी अख्खा कळप सोडला, त्यानं तो शब्द तोंडातनं काढला नाही. मग तुमी कोण रं?