मामीचा चेहरा

मामीची उशी सरळ करता करता नर्सने सहज विचारलं, "आजी, हे तुमचे चिरंजीव का?"

खाटेशी उभे असलेले दिनकरमामा खूश होऊन हसले. रंगवलेल्या केसांवरून हात फिरवत त्यांनी खिडकीच्या काचेत स्वतःला न्याहाळलं. खरं तर मामी त्यांच्याहून लहान.

एका जुन्या भयकादंबरीतला देखणा नायक वाटेल तशी चैन करतो, तरी तरुणच राहतो. त्याची पापं लपवून ठेवलेल्या त्याच्या तसबिरीवर उमटत जातात. कॉलेजात वाचताना मला ते अशक्य वाटलं होतं. पण मामांच्या मैफली, त्यांच्या बायका, त्यांच्या थापा मी लहानपणापासून मामीच्या चेहऱ्यावर उमटताना पाहत आलो होतो.

"मित्र खोळंबलेत," म्हणत मामा निघाले. मामीने माझं मनगट घट्ट धरलं. "आज तरी थांबायला सांग रे त्यांना. मला फार भीती वाटतेय."

मी धावत खाली गेलो, गाडीत बसणाऱ्या मामांना हात जोडले.

"तिथला वास सहन होत नाही रे मला," म्हणत त्यांनी काच वर केली.

मी एकटाच परतलेला पाहून मामी म्हणाली, "गाडी निघून गेली होती ना?"

"हो मामी," मी म्हणालो.